रागाविषयी: वसईहून मुलीस पत्र

चि. बाळ हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वॉर्डात एका रुग्णाच्या भावावर तू सर्वांसमोर ओरडलीस, ही गोष्ट तू कोणतीही सबब पुढे न करता लिहिलीस, याचे मला समाधान वाटले. मात्र ‘माझी श्रद्धा खरी असती तर मला असा राग आलाच नसता’ हे तुझे शेवटचे वाक्य मला मान्य नाही, आणि हे पत्र मी मुख्यतः त्याच वाक्याला उत्तर म्हणून लिहीत आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढून वाच. शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी सभास्थानात हात वाळलेला एक माणूस बसलेला आहे, आणि येशू त्याला बरे करतो की काय, म्हणजे त्याच्यावर आरोप ठेवता येईल, म्हणून काही जण टपून आहेत. त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे खिन्न होऊन येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिले, असे मार्क स्पष्ट लिहितो. पुढच्याच क्षणी तो त्या माणसाला हात लांब करायला सांगतो, आणि हात बरा होतो. प्रभूला राग आला होता, त्या रागात दुःखही होते, पण त्या रागाच्या भरात त्याच्याकडून घडले ते एका आजारी माणसाचे भले. तुझे कामच रुग्णांच्या उशाशी आहे, म्हणून हा उतारा तुला माझ्यापेक्षा अधिक जवळचा वाटेल.

संयम म्हणजे मुकाट्याने सोसणे, असाही समज आपल्या लोकांत आहे, आणि मुलींच्या बाबतीत तो फार पक्का आहे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकासमोर एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलट हात उगारत नाही, पण गप्पही राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे तो त्याला विचारतो. आवाज न चढवता विचारलेला सरळ प्रश्न हा संयमच आहे.

आता तुझ्या त्या रात्रीविषयी. ज्याचा स्वतःच्या मनावर ताबा नाही तो तट पडलेल्या नगरासारखा आहे, असे नीतिसूत्रांच्या 25व्या अध्यायात म्हटले आहे. आपल्या वसईकरांना तट पडणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 1739 साली मराठ्यांनी आपला किल्ला घेतला तेव्हा नुसत्या तोफा पुरल्या नव्हत्या. तटाखाली सुरुंग खणून, दारू भरून ते उडवावे लागले. तुझ्या पत्रात मला तसे सुरुंग दिसतात: सलग रात्रपाळ्या, न उघडलेला डबा, आदल्या दिवशी वरिष्ठांनी केलेला अपमान. त्या भावाचे बोलणे ही केवळ ठिणगी होती. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाची वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर. म्हणून पाळीवर जाण्यापूर्वी जेवणे आणि वेळेवर निजणे हा तुझ्या आध्यात्मिक साधनेचाच भाग समज.

साधना हा शब्द मी जाणून वापरतो. संत पौलाने गलतीकरांस लिहिताना आत्मसंयमनाला पवित्र आत्म्याच्या फळांत गणले आहे, आणि फळ एका रात्रीत धरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी 1861 साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे मराठी ख्रिस्ती समाजाचे लाडके कवी झाले, पण त्यांचा तापटपणा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत कुठेही झाकून ठेवलेला नाही, आणि 1895 साली झालेल्या बाप्तिस्म्याने तो एकाएकी नाहीसा झाला नाही.

लोयोलाच्या संत इग्नाशियसने सांगितलेली एक रीत मला फार उपयोगी वाटते. सकाळी उठताच एकच दोष टाळण्याचा निश्चय करावा, दुपारी व रात्री जेवणानंतर तो किती वेळा घडला ते पाहावे, आणि मधल्या वेळात जेव्हा जेव्हा पाय घसरेल तेव्हा हात छातीवर ठेवावा. ही खूण चारचौघांत केली तरी कुणाच्या लक्षात येत नाही, असे तो स्वतःच सांगतो. गर्दीच्या वॉर्डात तुला हे सहज जमेल. आपल्या किनाऱ्यावर मासळी मुबलक असल्यामुळे उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करणे आपल्याला फारसे जड जात नाही. यंदा त्याच्या जोडीला टोचून बोलणे सोडलेस, तर तो खरा उपवास होईल.

आणि राग आला की तो आधी देवाला सांग, त्याच्याशी गोड बोलण्याची गरज नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद ‘कोठवर’ असे पुन्हा पुन्हा विचारतो आणि देवाला अक्षरशः जाब विचारतो. एवढी कठोर वाक्ये मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गाण्यासाठी ख्रिस्तमंडळीने जपून ठेवली आहेत, तर तुझी वाक्ये ऐकायला देवाला जड का जावे? तिथे मन मोकळे झाले की माणसांशी बोलताना शब्द आपोआप मोजके होतात, असा माझा अनुभव आहे.

रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असे पौल इफिसकरांस सांगतो. तुझी पाळीच सूर्य मावळल्यावर सुरू होते, तेव्हा तुझ्यासाठी पाळी संपण्याची वेळ ही मर्यादा धर. तो रुग्ण अजून दाखल असेल तर उद्याच त्याच्या भावाकडे जा आणि ‘मी ओरडायला नको होते’ एवढेच सांग. त्याचे काय चुकले ते त्या वेळी काढू नकोस. रात्री एवढ्या रुग्णांमागे तू एकटी असतेस, ही तुझी तक्रार मात्र रास्त आहे आणि ती गिळून टाकू नये. मेट्रनच्या नावे अर्ज लिही, त्यात तारखा आणि रुग्णांची संख्या घाल, आणि देण्यापूर्वी कच्चा मसुदा मला पाठव. मी तो रविवारच्या मिस्सानंतर वाचून लगेच परत पाठवीन.

तुझे,
बाबा