रॉचेस्टर ऱ्हायनोज प्रेक्षकांअभावी बुडाला नाही

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या फुटबॉलबद्दल मराठी क्रीडा पानांवर जे छापून येतं ते बहुतेक मेजर लीग सॉकर (एमएलएस) ही तिथली सर्वोच्च लीग आणि तिथे गेलेले नामवंत परदेशी खेळाडू यांच्यापुरतंच असतं. खालच्या श्रेणीतल्या क्लबचा विषय निघालाच, तर 'प्रेक्षक नव्हते, म्हणून बंद पडला' एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो. रॉचेस्टर ऱ्हायनोजच्या बाबतीत हे वाक्य साफ चुकीचं आहे, आणि तो क्लब याहून चांगल्या नोंदीचा हक्कदार आहे. म्हणून हे पत्र.

रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातलं, ओंटारिओ सरोवराकाठचं, जेमतेम दोन लाख वस्तीचं शहर. कोडॅक कंपनीचं गाव म्हणून जगाला ठाऊक असलेलं. तिथे १९९६ मध्ये हा क्लब उभा राहिला, म्हणजे मेजर लीगचा पहिला हंगाम झाला त्याच वर्षी. तेव्हा त्याचं नाव 'रेजिंग ऱ्हायनोज' होतं. खेळायचा दुसऱ्या श्रेणीच्या ए-लीगमध्ये. पदार्पणाच्याच वर्षी तो दोन अंतिम सामन्यांत पोचला आणि दोन्ही हरला: लीगचा सिअॅटल साउंडर्सकडून, तर यूएस ओपन कपचा डीसी युनायटेडकडून ०-३ असा. पुढे १९९८, २००० आणि २००१ मध्ये ए-लीगचं विजेतेपद त्याने जिंकलं.

आता १९९९. ओपन कप ही सगळ्या श्रेणींतल्या क्लबांना खुली असलेली बाद फेरीची स्पर्धा. तिथे एखाद्या मोठ्या संघाला एका संध्याकाळी हरवण्याचा पराक्रम लहान क्लब अधूनमधून करतात. ऱ्हायनोजने मेजर लीगचे चार संघ ओळीने बाहेर काढले. आधी शिकागो फायर, जो आदल्या वर्षी मेजर लीग आणि ओपन कप असे दोन्ही चषक जिंकून आला होता. मग १९९७ चा ओपन कप विजेता डॅलस बर्न. उपांत्य फेरीत कोलंबस क्रू, ३-२. आणि १४ सप्टेंबरला कोलंबसच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये अंतिम सामन्यात कोलोराडो रॅपिड्स, २-०. मध्यंतराच्या बऱ्याच नंतर डग मिलरने कोंडी फोडली आणि भरपाई वेळेत यारी ऑलनटने दुसरा गोल केला. प्रशिक्षक होते पॅट एरकोली. मेजर लीग सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या संघाने हा चषक जिंकल्याचं हे एकमेव उदाहरण आहे. २००८ मध्ये चार्ल्सटन बॅटरी आणि २०२२ मध्ये सॅक्रामेंटो रिपब्लिक अंतिम फेरीपर्यंत आले, पण तिथे हरले. १९९९ च्या त्या अंतिम सामन्याला प्रेक्षक होते साडेचार हजारांच्या आसपास. त्याच काळात ऱ्हायनोजच्या घरच्या साध्या लीग सामन्यांना सरासरी दहा हजारांहून जास्त माणसं येत होती. प्रेक्षकांच्या अभावाची गोष्ट सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मग बिघडलं कुठे? सुरुवात मैदानापासून करावी लागते. क्लब फ्रंटियर फील्डवर खेळायचा, आणि ते मुळात बेसबॉलचं मैदान. बेसबॉलच्या मैदानाची रचना कोनात असते. त्यात फुटबॉलचा आयत बसवायचा म्हणजे एका बाजूचे प्रेक्षक खेळापासून लांब पडतात. चेंडू फेकण्याचा उंचवटा सपाट करावा लागतो आणि आतल्या चौकातल्या उघड्या मातीवर हिरवळीच्या पट्ट्या अंथराव्या लागतात. या पट्ट्यांची मुळं खाली धरायला काही आठवडे हवेत, पण बेसबॉलचा पुढचा सामना त्याआधीच येतो. मुळं न धरलेल्या पट्टीच्या सांध्यावर जमिनीलगतचा पास उडतो आणि बुटाचे खिळे अडकून पट्टी सरकते. त्यात भाडेकरूचं दुखणं वेगळंच. तारखा आधी बेसबॉल संघाच्या, उरलेल्या आपल्या. आणि खाद्यपदार्थ, पार्किंग, जाहिरात फलक यांच्या उत्पन्नावर भाडेकरू क्लबचा पूर्ण हात कधीच नसतो. तिकिटं भरपूर खपूनही शिल्लक का उरत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

त्यामुळे स्वतःचं स्टेडियम हवं, हा विचार बरोबरच होता. हिशेब चुकला तो आकाराचा आणि वेळेचा. सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून बांधलेलं, १३,७६८ आसनांचं पेटेक पार्क जून २००६ मध्ये उघडलं. त्यामागे मेजर लीगमध्ये जाण्याची आशा होती. टोरांटोला त्या काळात प्रवेशासाठी १ कोटी डॉलर मोजावे लागले होते. २०२३ मध्ये सॅन डिएगोला तोच आकडा ५० कोटी पडला. रॉचेस्टरला ते दार कधी उघडलं नाही. दुसऱ्या श्रेणीच्या क्लबला हंगामात घरचे चौदा-पंधरा सामने मिळतात, आणि त्या भागात हिवाळाभर बर्फ असल्याने उघडं मैदान कित्येक महिने कमाईच्या कामाचं नसतं. एवढ्या दिवसांत कर्जाचे हप्ते, देखभाल आणि पगार निघणं कठीण. २००८ च्या सुरुवातीला मूळ मालकांच्या हातून क्लबही गेला आणि स्टेडियमही. स्टेडियम शहराच्या ताब्यात आलं, क्लब नव्या मालकाने घेतला. याच मैदानावरचा महिला संघ, वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश, २०१६ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि २०१७ च्या जानेवारीत विकला जाऊन नॉर्थ कॅरोलिनाला गेला. विजेता संघसुद्धा टिकला नाही, ही बाब आमच्या मते फार बोलकी आहे.

युरोपची सवय असलेल्या वाचकाचा गोंधळ होतो तो श्रेणीच्या मुद्द्यावर. अमेरिकेत गुणतक्त्यावरून बढती नाही, घसरणही नाही. कोणती लीग कोणत्या श्रेणीची, हे राष्ट्रीय महासंघ ठरवतो, आणि निकष आहेत कागदाचे व पैशाचे. दुसऱ्या श्रेणीसाठी किमान ५,००० आसनांचं मैदान, मुख्य मालकाची मालमत्ता किमान २ कोटी डॉलर आणि क्लबमध्ये त्याचा ३५ टक्के हिस्सा. तिसऱ्या श्रेणीसाठी १,००० आसनं आणि १ कोटी डॉलर. म्हणून ऱ्हायनोज २०११ मध्ये तिसऱ्या श्रेणीत दिसतो तो हरल्यामुळे नव्हे, तर लीग बदलल्यामुळे. २०१५ मध्ये त्याने २८ लीग सामन्यांत १७ जिंकले, १० बरोबरीत सोडवले आणि अवघा एक गमावला; अंतिम सामन्यात एलए गॅलक्सीच्या दुसऱ्या संघाला जादा वेळेत २-१ हरवून विजेतेपदही घेतलं. पण वर जाण्याचा रस्ताच नव्हता. २०१७ मध्ये त्याच लीगला दुसऱ्या श्रेणीची तात्पुरती मान्यता मिळाली, म्हणजे निकष वाढले, खर्च वाढला. आणि नोव्हेंबर २०१७ अखेर क्लबने पुढचा हंगाम खेळणार नसल्याचं जाहीर केलं.

एका हंगामाची ती विश्रांती चार वर्षं लांबली. २०२१ मध्ये इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी वार्डी भागीदार झाला, नाव बदलून रॉचेस्टर न्यूयॉर्क एफसी झालं आणि २०२२ मध्ये क्लब एमएलएस नेक्स्ट प्रो या लीगमध्ये उतरला. तिथले बाकीचे सगळे संघ मेजर लीग क्लबांच्या दुसऱ्या फळीचे, खर्च उचलायला मोठा क्लब पाठीशी असलेले. स्वतंत्र क्लब हा एकटाच. मार्च २०२३ मध्ये त्याने गाशा गुंडाळला.

आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. ओपन कपच्या विजेत्यांचा तक्ता छापताना १९९९ समोर 'रॉचेस्टर रेजिंग ऱ्हायनोज, ए-लीग' असं पूर्ण लिहावं. २०२२ चं नाव मागे नेऊन चिकटवू नये, आणि श्रेणी लिहायची ती त्या त्या वर्षीची.

आपले,
अमेरिकेतल्या फुटबॉलच्या नोंदी ठेवणारे काही वाचक