चॅटबॉटचा शब्द कंपनीचाच

ग्राहकसेवेला एआय चॅटबॉट बसवणाऱ्या उद्योजकांनी एअर कॅनडा या विमान कंपनीविरुद्धचा २०२४ चा निकाल वाचावा. आप्ताच्या निधनानिमित्तची भाडेसवलत तिकीट काढल्यावर ९० दिवसांत मागता येईल, असे तिच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितले. प्रत्यक्षात प्रवासानंतर ती मिळतच नव्हती. चॅटबॉट स्वतःच जबाबदार, हा (अजब!) बचाव कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने फेटाळला, भरपाई कंपनीलाच द्यायला सांगितली. जनरेटिव्ह एआय (स्वतः मजकूर रचणारी एआय) तर पुढचा शब्द संभाव्यतेवर जुळवते, त्यामुळे चूकही ठामपणे सांगते. रिफंड, वॉरंटीची उत्तरे चालू नियमांतला उतारा शोधूनच द्यावीत, सोबत कलम दाखवावे. उतारा न सापडल्यास प्रश्न माणसाकडे जावा. नियम बदलल्यावर जुन्या नियमांची पीडीएफ काढून टाकायची राहते आणि बॉट तीच वाचत बसतो.