फॉल ब्रेकला पोरांना घरी बोलवा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पेनसिल्व्हेनियात शिकते, मूळची साताऱ्याची. इकडे ऑक्टोबरमध्ये कोलंबस डेच्या सुट्टीच्या आसपास बऱ्याच कॉलेजांना फॉल ब्रेक म्हणजे शरद ऋतूतली छोटी सुट्टी असते, वीकेंड धरून चारेक दिवस, अमेरिकन मुलं गाडी काढून घरी जातात आणि आमच्यासारख्यांना तिकीट परवडत नाही म्हणून आम्ही हॉस्टेलवरच, त्यात डायनिंग हॉल पण अर्धे बंद. दिवाळी त्याच सुमाराला येते, मग तर घरची आठवण आली की रडूच येतं हो.

यंदा आईच्या मावसबहिणीने न्यूजर्सीला, एडिसनला बोलावलं. मी एकटी नाही गेले, हैदराबादची मैत्रीण आणि माझी ओहायोची रूममेट पण आल्या. मावशीने रूममेटच्या हातात सरळ सोऱ्याच दिला, तिच्या पहिल्या चकल्या तुटल्या तर काका म्हणाले मोहन जास्त झालंय, पोरीचा दोष नाही! रात्री उशिरापर्यंत गप्पा, आणि साताऱ्याला व्हिडिओ कॉल, आजीने तिघींची दृष्ट फोनवरूनच काढली.

2023-24 मध्ये अमेरिकेत 3 लाख 31 हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, त्यात आपली मराठी पोरं पण खूप. म्हणून तुमच्या वाचकांना मनापासून विनंती, तुमचे कुणी नातेवाईक इकडे असतील तर त्यांना सांगा की जवळच्या कॉलेजातल्या मुलांना ब्रेकला जेवायला बोलवा, साधं वरणभात पण चालेल. आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा इकडचा घरच्यांनी एकत्र जेवायचा सण असतो, तेव्हा पण.

- एक विद्यार्थिनी, पेनसिल्व्हेनिया