माशांचा वंशेतिहास जपायला हवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

गोड्या पाण्यातील मासे मुळात कुठून आले, हे केवळ जीवाश्मांवरून उलगडत नाही, याचे स्टिकलबॅक हा बोटभर मासा बोलके उदाहरण आहे. सुमारे १०-१२ हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्यावर समुद्रातील हे मासे नव्या तळ्यांत शिरले आणि अंगावरील हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत बहुतेक तळ्यांत त्यांनी गमावले. त्यामागचे ‘इडा’ जनुक २००५ मध्ये उजेडात आले. विलक्षण म्हणजे, त्याचे चिलखत घटवणारे रूप समुद्री माशांत आधीपासूनच, विरळ का होईना, दडलेले होते. तळ्या-नद्यांत बाहेरून आणलेले परके मत्स्यबीज सोडले, तर संकरामुळे जनुकांत नोंदलेला हा वंशेतिहास पुसट होतो. म्हणून तत्पूर्वी मूळ माशांचे जनुकीय नमुने जतन करावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक