नवे रंगसंवेदक मराठवाड्याच्या उन्हात तपासावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कार्बनी संयुगांपासून बनणाऱ्या व ठरावीक रंगच टिपणाऱ्या प्रकाशसंवेदकांविषयी आपल्या दैनिकाच्या विज्ञान पानावरील टिपण वाचले. टिपण नेटके होते. परंतु उपयोग म्हणून मोबाइलच्या छायाचित्रांपलीकडे त्यात काहीच नव्हते. आपल्या भागाला या संशोधनाचे खरे काम डाळ मिलमध्ये आणि शिवारात आहे.

कॅमेऱ्यातील सिलिकॉनला स्वतःहून रंग कळत नाही. दृश्य प्रकाशापासून सुमारे 1100 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांपर्यंत जे पडेल ते सिलिकॉन टिपते, म्हणून संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर (पिक्सेलवर) लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवावी लागते. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांची ही मांडणी, जिचे पेटंट 1976 साली मिळाले, आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. तिच्यात प्रत्येक बिंदूला एकच रंग मिळतो, उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून गणिताने भरावे लागतात, आणि बराचसा प्रकाश गाळणीतच अडतो. कार्बनी रेणूची रचना बदलली की तो कोणता प्रकाश शोषेल हेही बदलते. त्यामुळे गाळणीशिवाय हवा तो अरुंद पट्टा निवडता येतो, आणि थरावर थर देऊन तिन्ही रंग एकाच जागी मोजण्याचे प्रयोगही झाले आहेत.

लातूरच्या डाळ मिलमधले सॉर्टेक्स यंत्र पाहावे. तूर डाळ उतरत्या पन्हळीतून धारेने खाली येते, कॅमेरा काळपट, डागी दाणा हेरतो आणि हवेचा झोत तेवढाच दाणा बाजूला उडवतो. डाळीच्याच रंगाचा खडा मात्र साध्या रंगीत कॅमेऱ्याला सहज चकवतो. त्यासाठी अवरक्त कॅमेरा लागतो, आणि त्यातील इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा संवेदक लहान मिलवाल्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. शेतातही हेच. निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि नजीकचा अवरक्त प्रकाश परतवते; सोयाबीनवर पिवळा मोझॅक किंवा कपाशीवर लाल्या आला की हे प्रमाण ढळते. ते नेमके मोजायला अरुंद पट्ट्याचाच संवेदक हवा.

मात्र कौतुकाला आवर घालणारी एक बाब टिपणातून सुटली. हे कार्बनी पदार्थ हवेतील ऑक्सिजन आणि ओलाव्याने खराब होतात, तर तापमान वाढले की अंधारातही वाहणारा नकोसा प्रवाह वाढून मोजमाप बिघडते. प्रयोगशाळेतल्या गार, कोरड्या हवेतले आकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, डाळीच्या भुकटीत टिकतीलच असे नाही, आणि पावसाळ्यातली दमट हवा तर वेगळीच परीक्षा घेईल. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगर व नांदेड येथील विद्यापीठांचे भौतिकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन अशी चाचणी हाती घेतली, तर तो विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प ठरेल. त्याला फार मोठी यंत्रसामग्रीही लागणार नाही.

अशा शोधांचे वृत्त देताना संवेदक किती तापमानाला आणि किती तास तपासला, हे दोन आकडेही आपण अवश्य छापावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, लातूर