पोरीला सर्जन व्हायचंय म्हणतोस...

टिळकवाडी, बेळगाव
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

पोरीला पोटाच्या कॅन्सरची सर्जन व्हायचंय आणि तुला चिंता वर्षांची! मोज की मग : एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच, सर्जरीची एमएस तीन, त्यावर खास शाखेची एमसीएच तीन. प्रवेशपरीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षं वेगळी. मी बोहल्यावर डुलक्या काढत होतो ते तू बघितलंयसच.

पण काम कसलं ते ऐक. परवा निपाणीकडचे एक मामा आले, जन्म तंबाखूत गेलेला. "आधी भाकरी अडकायची, मग भात. आता आंबीलपण उतरंना." अन्ननलिकेचा कॅन्सर पुस्तकातही याच क्रमानं येतो.

त्याच आठवड्यात खानापूरकडच्या एक आजी. डोळे हळदीसारखे, अंगाला खाज, पण ताप नाही, दुखणं नाही. दोन महिने कावीळ उतरवण्यात गेलेले. गळ्यातली माळ लांब होत गेली, डोळे पिवळेच. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ, तिनं पित्तनलिका दाबलेली. न दुखणारी कावीळ लोकांना साधी वाटते, माझ्या पोटात गोळा येतो.

अशा गाठीला व्हिपलचं ऑपरेशन. ॲलन व्हिपल या अमेरिकन सर्जननं 1935 साली मांडलं. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, पित्तनलिकेचा तुकडा काढायचा आणि मग स्वादुपिंड, पित्तनलिका, जठर अशी तिन्हींची आतड्याशी जोडणी. पाच-सहा तास सहज जातात. कापणं त्यातल्या त्यात सोपं. मऊ स्वादुपिंडाला टाका घालणं म्हणजे लोण्याला टाका घालणं.

आजींच्या बाबतीत तिथवर पोचलोच नाही. दुर्बीण घातली तर यकृतावर, पोटाच्या अस्तरावर साबुदाण्यासारखे दाणे, म्हणजे कॅन्सर पसरलेला, आता कापून उपयोग नाही. दुर्बीण काढली, टाके घातले, बाहेर आलो. बैलहोंगलचा जावई दारातच, "आप्रेशन आतेन्री?" म्हणजे ऑपरेशन झालं का. अर्ध्या तासात बाहेर आलेल्या डॉक्टरनं काय सांगायचं? मोडक्या कन्नडात सांगितलं, मग लेकीला मराठीत पुन्हा. दोन दिवसांनी एंडोस्कोपीनं स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी नळी, बसवला. खाज थांबली, आजी झोपल्या. तेवढंच हातात होतं.

आणि एक, तुलाच सांगतो. उमेदवारीत एका पेशंटची ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी नाडी 120 होती. "दुखत असेल" म्हणून मी झोपायला गेलो. आतड्याचा जोड गळत होता. रात्री पोट पुन्हा उघडलं, माणूस वाचला. तेव्हापासून नाडी मी स्वतः मोजतो, नर्स कितीही हसू देत.

पोरीला सुट्टीत पाठव. ऑपरेशन थिएटर नको, आधी ओपीडीत बसू दे. थोडं कन्नड शिकून ये म्हणावं. आणि तुझं ते सिगारेटचं काय झालं, पत्रात चकार शब्द नाही?

तुझा,
अव्या