आराखडा मंजूर झाला, पण आरक्षित जागांचे पैसे कुठून आणणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या नगरपरिषदेच्या सभेत शहराचा नवा विकास आराखडा मंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी चौकाचौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. लागू द्या, रिंग रोड, बगीचा, भाजी मंडई होणार म्हणल्यावर वाईट कुणाला वाटंल? पण माझं झेरॉक्सचं दुकान तहसीलसमोर आहे, लोक दिवसभर सातबारा घेऊन येतात आणि सध्या जो तो एकच विचारायलाय, "आमच्या गटावर काय पडलंय बघा की." म्हणजे कुठलं आरक्षण, रस्ता, मैदान, बगीचा असल्या सार्वजनिक कामासाठी नकाशात राखून ठेवलेली जागा.

आता बघायचं कशात? मोबाईलवर फिरणारी नकाशाची पीडीएफ झूम केली की गट नंबर फुटतात, पिवळा, म्हणजे घरांचा पट्टा कुठं संपला आणि हिरवा, म्हणजे शेतीचा कुठं सुरू झाला ते मलाच कळत नाही, तर सत्तरीतल्या शेतकऱ्याला काय कळणार. हरकतीला कायद्यानं 30 दिवस असतात, ती मुदत केव्हाच निघून गेली, निम्म्या गावाला तेव्हा पत्ताच नव्हता.

परवा ओळखीचे एक काका आले. गावाला लागून एकरभर रान, मागच्या आराखड्यात त्यावर खेळाचं मैदान पडलेलं. तेव्हापासून ते रान विकायला काढलं की गिऱ्हाईक झोन दाखला (जागेवर आराखड्यात काय पडलंय ते सांगणारा कागद) बघून पळतं, पोराला घर बांधायचं तर परवानगी नाही, आणि नगरपरिषदेनं इतक्या वर्षांत ना एक रुपया दिला ना मैदान केलं, आजही तिथं तूरच आहे. नव्या नकाशात बघितलं तर पुन्हा मैदानच! काका म्हणले, "मैदान तरी करा म्हणावं, पोरं खेळतील." यावर काय बोलणार सांगा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आरक्षण टाकायला पेन लागतो आणि घ्यायला पैसा लागतो, आणि तो पैसा कुठून येणार याबद्दल सभेत कुणी चकार शब्द काढल्याचं ऐकलं नाही. नगरपरिषदेचे पगार सरकारच्या सहायक अनुदानावर, पाणीपट्टीची वसुली सगळ्यांना माहीत आहे, मग जागा कशातून घेणार? टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात पैशाऐवजी दुसरीकडं जास्तीचं बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क, देऊ म्हणतात, पण टीडीआरला भाव मोठ्या शहरात, जिथं बिल्डरला वर मजले चढवायचे असतात, आमच्याकडं दोन मजल्यांच्या वर कोण बांधतंय, तो कागद घेऊन काकांनी करायचं काय?

बरं, जागा घेतली नाही तरी त्यातून सुटायची वाट कायद्यात आहे. 1966 च्या नगररचना कायद्यातलं कलम 127, आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर मालकानं खरेदीची नोटीस द्यायची, पुढच्या 24 महिन्यांत नगरपरिषदेनं काही हालचाल केली नाही तर आरक्षण गेलं. पण ही नोटीस कोण देतं, तर ज्याच्याकडं वकील आहे तो. त्याची जागा सुटते, तिथं प्लॉटिंग होतं, गावाचा बगीचा बुडतो. आणि काकांसारखा माणूस वीस वर्षं तसाच अडकून राहतो. म्हणजे आरक्षण टाकून ना गावाला मिळालं ना मालकाला.

दुसरं म्हणजे ओढा. आमच्या वस्तीमागचा ओढा नकाशात एक बारीक निळी रेघ आहे आणि तीही मधेच तुटलीय, पुढं सगळा पिवळा पट्टा. सप्टेंबर 2025 ला मराठवाड्यात काय पाऊस झाला हे विसरलात का हो? बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, सगळीकडं पाणी होतं, आमच्या गल्लीतल्या घरात गुडघाभर चढलं आणि ते आलं ह्याच ओढ्यातून. नकाशात रेघ तोडली म्हणून पाणी थांबत नसतं. उद्या तिथं प्लॉट पाडून विकले जातील आणि घेणारे असतील पोटाला चिमटा काढून पैसे साठवलेले लोक. गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटात, आधीच किती जण अडकलेत ते आम्ही रोज बघतो, त्यात भर कशाला.

आता आराखडा अंतिम मंजुरीला वर सरकारकडं जाईल. त्याच्या आत नगरपरिषदेनं प्रत्येक आरक्षणाची मराठीत साधी यादी करून वॉर्डावॉर्डात लावावी, गट नंबर, किती आर जागा, कशासाठी, मागच्या आराखड्यातलं आहे का नवीन, आणि ती कोणत्या वर्षी कुठल्या पैशातून घेणार. शेवटचा रकाना ज्याच्यापुढं कोरा राहील ते आरक्षण आत्ताच काढायची शिफारस करा आणि थोडीच ठेवा, पण ती खरंच घ्या. ओढ्याची जागेवर मोजणी करून पात्र नकाशावर दाखवा. नगरसेवक साहेबांना वेळ नसेल तर यादीचे झेरॉक्स मी फुकट काढून देतो, फ्लेक्सपेक्षा स्वस्त पडंल.

आपला,
एक वाचक, मराठवाडा